चार दिवसांची कवळी

बेन्झाल्डिहाइडला आल्डॉल जमत नाही, ही गोष्ट तिला तीन वर्षांत तीनशे वेळा कळली होती आणि तीनशे वेळा ती विसरली होती. कळायची तेव्हा अगदी लख्ख कळायची. ज्या रेणूपाशी सोडून द्यायला योग्य जागी हायड्रोजन असतो तो दुसऱ्याशी जोडला जातो, ती आल्डॉल अभिक्रिया. ज्याच्यापाशी तो नसतो, त्याचे दोन सख्खे रेणू आपसातच उरकून घेतात. एकाचं आम्ल होतं, दुसऱ्याचं अल्कोहोल, ती कॅनिझारो. इतकं सोपं. पण समोर प्रश्न आला, भिंतीवरचं घड्याळ दिसलं, की दोन्ही नावं एकमेकांच्या जागी जाऊन बसायची. पेपर देऊन ती जिना उतरायला लागली की मग खरं उत्तर आठवायचं.

दंतवैद्यकाच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा एका माणसाला तीनदाच देता यायची. नियमच होता तसा, आणि त्यात रडगाण्याला जागा नव्हती. पहिल्या खेपेला ती अकरा गुणांनी गेली, दुसऱ्या खेपेला चार गुणांनी. जीवशास्त्र उत्तम, भौतिकशास्त्र बरं; घोडं पेंड खायचं ते सेंद्रिय रसायनात. आता तिसरी खेप, म्हणजे शेवटची. वय चौतीस. परीक्षेच्या हॉलमध्ये ती शिरली की पोरं तिला पर्यवेक्षक समजून उभी राहायची.

पोटापाण्याला ती एका तळघरातल्या डेंटल लॅबमध्ये कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं पाठवत, लॅबमध्ये त्यांचे प्लास्टरचे साचे होत, त्यांवर मेणात दात बसवले जात आणि मग कवळी पक्की होऊन वर परत जाई. दाढा घडवण्यात तिचा हात कुणी धरत नसे, म्हणून सगळे तिला दाढच म्हणत. ‘दाढेला विचारा.’ ‘दाढ आज रजेवर आहे.’ ती परीक्षेला बसली तेव्हा लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या कारागीर काकांनी त्या दाढेची अक्कलदाढ केली. “उशिरा उगवते आणि सगळ्यांना ताप देते,” ते म्हणत. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तिने परीक्षेचा नाद सोडल्याचं जाहीर केलं आणि ती पुन्हा नुसती दाढ झाली.

हे डॉक्टर व्हायचं खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं? सेवाबिवा काही नाही, साधा हेवा. तेरा वर्षं तिने दात केले होते, पण तोंड एकही पाहिलं नव्हतं. एकदा दातांचा रंग जुळवायला तिला वर एका दवाखान्यात बोलावलं. ती दारात उभी असताना एका बाईला तिनेच केलेली वरची कवळी बसवली गेली. बाईंनी आरसा हातात घेतला, ओठ मिटून घेतले, मग हळूहळू उघडले. आणि डॉक्टरांचा हात धरून म्हणाल्या, “तुमचे उपकार कसे फेडू?” दारातल्या बाईकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी तिने ठरवलं की आपल्याला खुर्चीच्या त्या बाजूला उभं राहायचं.

पहिल्या दोन खेपांना तिचा दादा बरोबर होता. दादा दुसऱ्या गावी राहायचा, शाळेत गणित शिकवायचा. रसायनाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण बहिणीला प्रश्न विचारता यावेत म्हणून त्याने तिच्याच पुस्तकाची दुसरी प्रत घेतली आणि दोन वह्या भरून प्रश्न काढले. रोज सात वाजता फोन. “हं, प्रोपीन. त्यावर हायड्रोजन ब्रोमाइड, पेरॉक्साइड घालून. बोल.” ती बोलायची. चुकली तर तो चूक म्हणायचा नाही, फक्त “हं?” म्हणायचा, जरा वरच्या सुरात, आणि तेवढ्यात तिला चूक दिसायची. मागून वहिनी ओरडायची, “भाऊ-बहिणीचं झालं असेल तर पानं घेऊ का?”

दुसऱ्या निकालाच्या दिवशी ती फोनवर फार रडली. दादा बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “झालं तेवढं खूप झालं. आता सोड.” आणि त्याने एक मोठा श्वास सोडला. तो श्वास तिने नीट ऐकला. सुटका झालेल्या माणसाचा श्वास, असं तिने मनाशी धरलं. कंटाळला बिचारा, सांगणार कसं. “सोडलं,” ती म्हणाली. दोन महिन्यांनी तिने तिसऱ्या खेपेचा अर्ज भरला आणि कुणालाही सांगितलं नाही. पडायचंच असेल तर बघायला कुणी नको.

सात वाजता फोन वाजायचा थांबला. सात वाजायचेच फक्त.

एकट्याने अभ्यास करणं वेगळं आणि एकट्याने स्वतःला प्रश्न विचारणं वेगळं. तिने चिठ्ठ्या केल्या, कवळीच्या रिकाम्या डबीत टाकल्या, एकेक काढून उत्तर म्हणायला लागली. पण स्वतःची परीक्षा घेताना माणूस फार उदार होतो. अर्धं आलं की ‘हो हो, तेच’ म्हणून पुढची चिठ्ठी उचलतो. मग तिने खोलीच्या भिंतीवर चाळीस कागद चिकटवले, एका कागदावर एक अभिक्रिया, आणि पहाटे उठून त्यांच्यासमोर येरझाऱ्या घालत मोठ्याने म्हणू लागली. एकदा चुकली असं वाटलं तेव्हा तिने दादासारखं “हं?” करून पाहिलं. रिकाम्या खोलीत ते इतकं विचित्र वाटलं की ती खाली बसली. त्या दिवशी पुढे अभ्यास झाला नाही.

फ्री रॅडिकल नावाचा एक धडा होता. त्यात एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहतो आणि दिसेल त्याला धरायला धावतो. कुणाला यात तिची कहाणी दिसत असेल तर दिसो बापडी. तिला त्यात तीन गुण दिसत होते आणि ते तिने पाठ केले.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना वहिनीचा फोन आला. दादाकडे राहणाऱ्या आईचे उरलेसुरले दात दोन महिन्यांपूर्वी काढले होते. तिकडच्या डॉक्टरांनी केलेली कवळी टोचत होती, आई नुसतं पातळ पिऊन दिवस काढत होती. “आईंना तुमच्याकडे पाठवते. आठ दिवसांत होईल ना? घरात कवळी करणारी असताना बाहेर कुठे हिंडायचं?” वहिनीचं काही चुकत नव्हतं. नको म्हणायला एकच कारण होतं, आणि सोडून दिली म्हणून सांगितलेल्या परीक्षेची सबब देता येत नाही. “पाठव,” ती म्हणाली.

आई दोन दिवसांनी आली. आदल्या दिवशीच तिने चाळीसही कागद काढून गादीखाली सरकवले होते. आईने पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि चिकटपट्टीचे डाग भरलेल्या भिंतीकडे पाहिलं.

“काय लावलं होतंस गं?”

“कॅलेंडर.”

“चाळीस कॅलेंडरं?”

आईचे दात गेले होते, डोळे शाबूत होते. पण तिने पुढे विचारलं नाही. पोरीने एकटीने राहताना भिंतीवर काय लावावं यात आईने पडू नये, अशी तिची समजूत. तिने येताना मुलीसाठी भाजलेले चणे आणले होते. डबा पुढे करून म्हणाली, “चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, ते मीच बघ.” दोघी हसल्या. खूप दिवसांनी त्या खोलीत दोन माणसं हसली होती, आणि तिला ते फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं की आता साडेसहा झाले, ग्रीन्यारच्या अभिक्रियांची उजळणी राहिली.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी आईचं माप घेतलं. पेशंटच्या तोंडात कारागिराने हात घालायचा नाही, मग ती आई का असेना. ती दारातच उभी राहिली. खुर्चीत आई लहान दिसत होती, तोंडात माप घ्यायचा साचा, डोळे दाराकडे.

घरात मोठ्याने म्हणायची सोय उरली नाही. ती कामावर तासभर आधी जायची आणि तळघराच्या जिन्यात बसून चिठ्ठ्या काढायची. जेवणाच्या सुट्टीत तेच. घरी आली की आई खिडकीशी बसलेली असायची, ताट वाढून झाकलेलं असायचं. जेवताना तिचे ओठ हलायचे.

“काय पुटपुटतेस?” आईने दुसऱ्याच रात्री विचारलं.

“कामाचं आहे.”

“मला म्हणून दाखव की. मला ओ की ठो कळायचं नाही, पण ऐकीन तरी.”

तिचा घास हातातच राहिला. सांगावं असं फार वाटलं. पण आईच्या पोटात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दादाच्या कानात जाणार, आणि मग पुन्हा नापास झालं की सगळ्यांनी पुन्हा हळू आवाजात बोलायचं. ते एकदा सोसलं होतं तेवढं पुरे. “राहू दे गं,” ती म्हणाली. आई भात कालवत राहिली.

त्याच रात्री तिने हिशेब मांडला. आठ दिवस आई राहिली तर परीक्षेला हातात दोन दिवस उरणार. काम चार दिवसांत उरकलं तर सहा. तिसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना गळ घातली, मेणातली कवळी त्याच दिवशी आईच्या तोंडात बसवून पाहायला लावली आणि पाचव्या दिवशीच्या सकाळच्या बसचं तिकीट काढून आणलं.

“इतक्यात?” आई म्हणाली. “मला वाटलं, आठ दिवस म्हणजे आठ. राहिले असते अजून. तिकडे तरी कुणाला वेळ असतो माझ्याशी बोलायला.”

“दादा वाट बघत असेल,” ती म्हणाली. आई तिकिटाकडे बघत होती.

कवळी पक्की करायची रीत अशी. पूड आणि द्रव कालवून गुलाबी गोळा करायचा, तो साच्यात दाबायचा, साचा लोखंडी डबीत आवळायचा आणि डबी पाण्यात तापवायची. तापवायची म्हणजे हळूहळू. पाणी कित्येक तास कोमटाहून थोडं वर ठेवायचं आणि उकळायचं ते अगदी शेवटी. कारण गोळा घट्ट होताना आतून स्वतःची उष्णता सोडतो. वरून घाईने आच दिली तर आतला द्रवच उकळतो आणि जाड भागात बुडबुडे अडकून राहतात. काका या डबीला कुणाला हात लावू देत नसत. “अन्न शिजवतेस तसं नाही, अंडं उबवतेस तसं,” ते तिला पहिल्या वर्षी म्हणाले होते.

चौथ्या दिवशी काका दुपारी डॉक्टरांकडे गेले होते. आईची डबी तिने उकळत्या पाण्यात सोडली. नजरचुकीने नाही. घड्याळ बघून, तासाभरात होईल असा अंदाज बांधून सोडली, आणि पाणी उकळत होतं तेवढ्या वेळात शेजारी उभी राहून सोळा चिठ्ठ्या उरकल्या. त्यांतली एक याच गोळ्याची होती. ‘या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते.’ तिने ते न अडखळता म्हटलं.

डबी उघडून कवळी घासायला घेतली तेव्हा खालच्या बाजूला, दाढांच्या मागे, हिरडीच्या जाड भागात पांढरे ठिपके दिसले. रवा सांडल्यासारखे. काका तेवढ्यात आले. त्यांनी कवळी दिव्याखाली धरली.

“ही कुणाची?”

“एका बाईंची.”

“सहा महिन्यांत वास धरेल. वर्षात मोडेल. परत कर.”

“उद्या सकाळी निघायचंय त्यांना.”

“म्हातारी बाई ना? तिला कसली घाई?”

काका आपल्या जागी गेले. तिने कवळीला इतकी चकाकी आणली, इतकी चकाकी आणली की ठिपके कुणाला शोधूनही सापडू नयेत. परीक्षा झाली की दुसरी करून देऊ, असं तिने स्वतःला सांगितलं. साचा ठेवलाच होता.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आईला कवळी बसवली. आईने आरसा घेतला. आधी ओठ मिटले, मग उघडले. दोन महिन्यांत खोल गेलेले गाल वर आले, आणि एकदम ती दहा वर्षांपूर्वीची आई दिसायला लागली. तिने डॉक्टरीणबाईंचे आभार मानले नाहीत. सरळ दाराकडे वळून बघितलं आणि हसली.

“तू केलेस ना हे?”

इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते हेच. तिने केलेल्या दातांनी कुणीतरी तिच्याकडे बघून हसत होतं. आणि तिला मान वर करवेना. “हो,” ती म्हणाली आणि आईच्या चपला शोधायला लागली, ज्या आईच्या पायातच होत्या.

सकाळी बसथांब्यावर आई फारशी बोलली नाही. नवे दात तोंडात घोळवत बसली. बस लागल्यावर उठत म्हणाली, “तुला काम फार असतं. मी आता अशी उठसूट यायची नाही.”

“असं काय गं म्हणतेस?”

“अगं, खरंच.” आईने तिच्या गालाला हात लावला आणि वर चढली.

बस वळून गेली तेव्हा तिला हलकं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही, वाटलंच. तिथल्याच बाकावर बसून तिने पर्समधून डबी काढली आणि पहिली चिठ्ठी उघडली. घरी जाऊन कागद पुन्हा भिंतीला लावले. आईने जाताना भिंत ओल्या फडक्याने पुसून ठेवली होती, त्यामुळे ते नीट चिकटले.

परीक्षा झाली. या वेळी जिना उतरताना काहीच आठवलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. बाहेर पोरांचे आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. एका बाईंनी तिला विचारलं, “कसा होता हो पेपर? सोडतील का लवकर?” तिने सांगितलं, सुटलाय, येतीलच. आणि चालायला लागली.

पुढच्या आठवड्यात तिने आईची दुसरी कवळी केली. डबी रात्रभर कोमट पाण्यात ठेवली, सकाळी हळूहळू आच वाढवली. एक ठिपका नाही. पार्सल पोचल्याचं आईने फोनवर सांगितलं. “अगं, दात काय पार्सलने पाठवायची वस्तू आहे?” म्हणाली. मग म्हणाली, “बरी आहे.” मग वहिनीला फोन दिला. हल्ली आई फोनवर थोडंच बोलायची. वयाचं असेल, असं तिने धरलं.

निकाल सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी लागला. ऐंशी जागा, तिचा एकसष्टावा नंबर. तिने तो तीनदा वाचला. मग खोलीत उभी राहिली. बसली. पुन्हा उभी राहिली. भिंतीवर चाळीस कागद होते. दोन वर्षांपूर्वीपासून ठरवून ठेवलं होतं की नंबर लागला की सगळ्यांत आधी अमुकला सांगायचं, मग तमुकला. आणि आता त्या सगळ्यांना आधी हे सांगावं लागणार होतं की मी तुमच्याशी खोटं बोलले. तिने आईचा नंबर लावला. फोन दादाने घेतला.

“काय गं, आज मधेच?”

“दादा, माझा नंबर लागला.”

“कसला?”

“डेंटलला. मी परीक्षा दिली होती. तिसऱ्यांदा.”

मागे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“म्हणजे सोडलं नव्हतंस.”

“नाही.”

“मग प्रश्न कोण विचारत होतं?”

“कुणी नाही.”

“माझ्या वह्या आहेत अजून,” दादा म्हणाला. “मी सोड म्हटलं ते तुझं रडणं मला ऐकवेना म्हणून. मी कुठे कंटाळलो होतो?”

दादाने घसा साफ केला.

“अभिनंदन,” तो म्हणाला.

त्यांच्या घरात कुणी कुणाचं अभिनंदन करत नसे. पास झालं की पाठीत धपाटा बसायचा, शहाणी गं शहाणी म्हणायचे. हा शब्द दादा शाळेत पालकांशी बोलताना वापरायचा. “थांब, आईला देतो,” तो म्हणाला, आणि मग फोन न झाकताच आईला सगळं सांगितल्याचं तिला ऐकू आलं.

“खरं का गं?” आईचा आवाज आला.

“हो.”

“डॉक्टर होणार तू?”

“हो, आई. पाच वर्षांनी.”

“मग मी आले होते तेव्हा तुझा अभ्यास चालला होता?”

“हो.”

“म्हणून मला लवकर पाठवलंस?”

तिने भिंतीला पाठ टेकली. “हो,” ती म्हणाली.

आईने श्वास सोडला, मोठा, अगदी मोकळा.

“बरं झालं बाई सांगितलंस. मी आपली इतके दिवस आठवून आठवून बघत होते, त्या चार दिवसांत माझं काय चुकलं.”